बटनची शिंक

“ज्या वर्षी माझा फोन येणार नाही ना, त्या वर्षी मी रुसले असं समजू नकोस. ऊठ आणि बघायला ये.”

लोरेन आत्या मला हे जुलैत म्हणाल्या होत्या, तळ्याच्या काठावर. माझ्या नवऱ्याची, कर्टची, ही एकुलती एक आत्या, सहासष्ट वर्षांची, मिलवॉकीतल्या आईवडलांच्या घरात एकटी राहणारी. मी माझ्या लेकीच्या, विलाच्या, मानेला उन्हाचं क्रीम चोळत होते, विला सीगल पक्ष्यांमागे पळायला धडपडत होती, आणि मी म्हटलं, “काहीतरीच काय आत्या! तुम्हाला काय धाड भरलीय?” त्या पुढे काहीतरी बोलणार होत्या. मी क्रीमचं झाकण शोधायला लागले.

मी आंघोळीचं पाणी तीनदा कोपराने बघते. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ते पोरीच्या हातात देत नाही. सासरी सगळे मला ‘हवामान खातं’ म्हणतात, कारण माझ्याकडे कायम कसला ना कसला इशारा तयार असतो. आयुष्यात एकदा दुसऱ्या कुणीतरी मला इशारा दिला, आणि तो मी त्या झाकणासारखा वाळूत घालवला.

मग नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचं ते जेवण झालं. सासरे टर्की कापता कापता म्हणाले, “लोरेन, ते घर आता विकून टाक. आमच्यापासून दहा मिनिटांवर छान जागा आहेत. जिने नाहीत, काही नाही.” आत्यांनी काटा खाली ठेवला. “हे तुझं डोकं की तुझ्या लेकीचं, युजीन?” लेकीने, क्रिस्टाने, ताटात बघितलं. आत्यांनी कोट घातला आणि दारातून म्हणाल्या, “मी आणलेला केक खा. माझं घर खाऊ नका.”

त्यानंतर साडेतीन आठवडे बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नव्हते.

*

त्या रविवारी आम्ही पोर्ट वॉशिंग्टनला सासऱ्यांकडे जमलो तेव्हा बर्फ नुकताच सुरू झाला होता. मोठा, सावकाश, कुणाला काही घाई नसल्यासारखा. सासूबाईंनी काळ्या राय ब्रेडवर कच्चं बीफ पसरून वर कांद्याच्या चकत्या मांडल्या होत्या. इकडे नाताळात हे खातात. मी दुसऱ्या राज्यातली, आयोवाची; लग्नाला सात वर्षं झाली तरी मी ते ताट विलापासून हातभर लांब सरकवत राहते.

“केल्सी, एक तरी घे,” क्रिस्टा म्हणाली. ही माझी मोठी नणंद. ग्रीन बेच्या दवाखान्यात सगळा कारभार बघते, आणि घरी आल्यावर इथलाही बघते. “आपल्या शेंकांच्या घरात याने आजवर कुणी मेलेलं नाही.”

“मेलं नाही,” कर्ट म्हणाला, “पण एका वर्षी अख्खं घराणं एका बाथरूमसमोर रांगेत उभं होतं.”

“तो बटाट्यांचा दोष होता,” सासरे खुर्चीतून म्हणाले.

चार वाजता आम्ही ‘बटनचा कंदील’ लावणार होतो. खरं तर तो टीव्हीवर सात वाजता लागतो. डिसेंबरातला तिसरा रविवार, संध्याकाळी सात, यंदा साठावं वर्ष. पण सातला विला झोपते, आणि क्रिस्टाला रस्ते गोठायच्या आत निघायचं होतं. म्हणून आम्ही डिस्क आणली होती. सासूबाईंनी गुरुवारीच आत्यांना फोनवर सांगून ठेवलं होतं: “चारला लावतोय, साडेचारला तुझा फोन कर.” आत्या म्हणाल्या होत्या, “बरं.” एवढंच.

पंचवीस मिनिटांचं ते कार्टून. रानबदकाचं एक पिल्लू, नाव बटन, उडता येत नाही म्हणून थंडीत मागे राहतं. गोठत चाललेल्या बंदरातल्या ओसाड दीपगृहात त्याला एक कंदील सापडतो, आणि टपालाची बोट धुक्यातून येईपर्यंत ते तो तेवत ठेवतं. बस. कुणी खलनायक नाही. नाचगाणं नाही. चित्रं इतकी साधी की बर्फ म्हणजे नुसते पांढरे ठिपके. आभाळ मध्येच एकदा निळ्याचं जांभळं होतं, कारण रंगवणाऱ्या बाईचा निळा रंग संपला होता. ती बाई म्हणजे माझी आजेसासू लिओना. हे कार्टून केलं ते ब्रेडच्या आणि साबणाच्या जाहिराती काढणाऱ्या मिलवॉकीतल्या एका छोट्या कंपनीने. तिथे लिओना काचेसारख्या पारदर्शक कागदांवर रंग भरायची.

बटनच्या आवाजासाठी लिओनाच्या मोठ्या मुलाला, नऊ वर्षांच्या युजीनला घेतलं होतं. तीन आठवडे त्याने घोकंपट्टी केली. दोन दिवस आधी त्याला सर्दी झाली आणि ऐन दिवशी घसा बसला. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून सहा वर्षांची लोरेन सोबत आलेली. कुणीतरी म्हणालं, धाकटीला बोलायला सांगून बघा. तोवर भावाची सर्दी तिला लागली होती. धुक्याच्या दृश्यात बटन हाक मारतं, “कुणी आहे का तिकडे? मी आहे इकडे.” त्या वाक्याच्या मधोमध लोरेन शिंकली.

पुन्हा ध्वनिमुद्रण करायला वेळ उरला नव्हता. मग त्यांनी शिंकच चित्रात काढली. बटन शिंकतं, कंदिलाची ज्योत आडवी होते, विझते की काय असं वाटतं, आणि हळूच पुन्हा उभी राहते. त्या एका श्वासापुरता सगळा देश श्वास रोखतो. आता याहून देखणी कितीतरी कार्टून आहेत, सगळी कधीही बघता येतात, आणि तरी लोक याच्यासाठीच थांबतात. मला वाटतं, त्या शिंकेसाठी थांबतात. ते कुणी लिहिलेलं नव्हतं. एका खऱ्या पोरीला खरंच सर्दी झाली होती, आणि कुणीतरी ती चूक पुसण्याऐवजी बसून, एकेक कागद रंगवून, तिच्यासाठी ज्योत सांभाळली.

शिंक आली की आमच्या घरात सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं असतं, “देव भलं करो!” आणि शेवटची पाटी गेली की स्वयंपाकघरातला भिंतीवरचा पिवळा फोन वाजतो. आत्या कधीच आमच्यात बसून बघत नाहीत, त्यांना लाज वाटते. त्या आपल्या घरून फोन करतात. घरातल्या सगळ्यात धाकट्याने उचलायचा. पलीकडून आधी शिंक, मग बटनचा आवाज, “कुणी आहे का तिकडे?” आणि मुलाने सांगायचं, “मी आहे इकडे.” क्रिस्टाने सांगितलं, मग कर्टने, आणि गेली दोन वर्षं विलाने. तो फोन सासऱ्यांनी याच एका कामासाठी अजून ठेवलाय.

साडेचार वाजले. विला स्टुलावर बसून दोन्ही हात मांडीत धरून फोनकडे बघत होती. बाहेर अंधारून आलं होतं आणि खिडकीतून पडणारा बर्फ टीव्हीतल्या ठिपक्यांसारखाच दिसत होता.

पावणेपाच.

“बटन झोपलं असेल का?” विला म्हणाली.

*

पाच वाजता कर्टने आत्यांचा नंबर फिरवला. नऊ वेळा वाजला. शेजारच्यांना लावला, तर ते फ्लोरिडाला लेकीकडे गेलेले.

“उचलत पण नाही, बघा,” क्रिस्टा म्हणाली. “म्हणजे अजून राग आहे. माझ्यावर राग आहे तर माझ्यावर काढ ना, चार वर्षांच्या पोरीने काय केलंय?”

“ती माझ्यावर काढतेय,” सासरे म्हणाले. “नेम बरोबर आहे तिचा.”

“बाहेर गेली असेल,” कर्ट म्हणाला.

“या बर्फात?” मी म्हटलं.

“झालं. हवामान खातं सुरू.” क्रिस्टा हसली. तशी ती वाईट नाही, पण तिच्या हसण्यावर बाकीचे हसतात, आणि मग माझं वाक्य अर्धंच राहतं. तेही तसंच राहिलं. मी विलाला स्टुलावरून उतरवलं. ती उतरेना.

“हे बघा,” सासूबाईंनी भांडी विसळता विसळता तोडगा काढला, “तिला साठ वर्षांची सवय आहे. विसरली असेल आम्ही चारचं म्हटलेलं. ती सातचं बघेल आणि साडेसातला बरोब्बर फोन करेल. आपण साडेसातपर्यंत थांबू.”

ते इतकं शहाणपणाचं होतं की सगळ्यांचे खांदे सैल झाले. माझेसुद्धा. कर्टने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या: बरोबर ना? मी मान हलवली. क्रिस्टाने पत्ते काढले. सव्वासहाला मी विलासाठी दूध गरम करायला घेतलं, बोट बुडवून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मला ते तळं दिसलं, ते ऊन, आणि काहीतरी बोलायला उघडून पुन्हा मिटलेलं आत्यांचं तोंड.

“आत्यांनी मला सांगितलं होतं,” मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. मी गॅस बंद केला. “ऐका ना. आत्यांनी मला जुलैत सांगितलं होतं. फोन आला नाही तर मी रुसले असं समजू नकोस, बघायला ये.”

पत्ते वाटायचे थांबले.

“आणि तू हे आज सांगतेयस?” कर्ट म्हणाला.

“हो.”

“केल्सी,” क्रिस्टा म्हणाली, आणि या वेळी ती हसली नाही, “तू रोज पन्नास गोष्टी सांगतेस. भोंगा सारखाच वाजत असला की कुणी बघतं का उठून?”

ते खरं होतं, म्हणून फार लागलं. मी नुसती सासऱ्यांकडे बघत राहिले, कारण बहीण त्यांची होती.

*

युजीन शेंक त्या वेळी काय आठवत होते ते त्यांनी मला नंतर सांगितलं; थोडं गाडीत, बाकीचं मार्चमध्ये, बर्फ वितळताना.

त्यांना एक्क्याण्णव साल आठवत होतं. लिओना गेल्यानंतरचं वर्ष. आईच्या रंगांच्या पेटीवरून बहीणभावाची जुंपली होती, आणि ते भांडण नोव्हेंबरातल्यापेक्षा कितीतरी कडू होतं. वर्षभर एक पत्र नाही की वाढदिवसाचं कार्ड नाही. त्या डिसेंबरात ते कार्टून बघत बसले ते केवळ मुलं लहान होती म्हणून. शेवटची पाटी गेली. पिवळा फोन वाजला. क्रिस्टा उचलायला धावली, पण त्या दिवशी त्यांनीच उचलला.

“आक्‌छीं,” पलीकडून आलं.

त्यांनी फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाले, “देव भलं करो.”

तिने फोन ठेवला. तिचा राग पुढे आणखी पाच महिने टिकला. पण फोन आला होता.

खुर्चीत बसल्या बसल्या सासऱ्यांना एवढंच कळलं: लोरेन रुसली असती तर फोन *आला* असता. रुसून, शिंकून, आपटला असता. ज्याला इतक्या वर्षांत सुट्टी माहीत नाही असा तो एकच फोन.

ते उठले. एकोणसत्तराव्या वर्षी ते उठतात तसे नव्हे. टीव्हीवर खेळाडू उठतात तसे उठले.

“ती रुसलेली नाही,” ते म्हणाले. “कर्ट, गाडी काढ. केल्सी, तू चल. तुझा हात बारीक आहे.”

माझ्या हाताचं काय काम, ते मला तेव्हा कळलं नाही. मी विलाकडे बघितलं. मी तिला आजवर कुणाकडे दोन तासांच्या वर ठेवलेली नव्हती.

क्रिस्टा माझा कोट घेऊन दारात उभी होती. “जा,” ती म्हणाली. “मी आज जात नाही ग्रीन बेला. मी तिच्याबरोबर फोनपाशी बसते.” आणि मी तोंड उघडायच्या आत, “कच्चं मांस नाही. द्राक्षाचे चार तुकडे. माहितेय मला. जा तू.”

*

लोरेन आत्या सकाळी नऊपासून स्वयंपाकघराच्या फरशीवर होत्या.

वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा काढायला त्या स्टुलावर चढल्या होत्या. विलासाठी टपालाने पाठवायची म्हणून, बदकाच्या आकाराची. डबा हाताला लागला, स्टूल सुटलं. उजवा पाय कुठेतरी खुब्याशी चुकीचा वळला होता, आणि हललं की खोली पांढरी व्हायची, म्हणून त्यांनी हलणं सोडून दिलं. हाताला आलेला पायपुसण्याचा गालिचा अंगावर ओढला. फोन भिंतीवर होता. लिओनाने तो उभ्या माणसाच्या उंचीला लावून घेतला होता.

पुढच्या खोलीत टीव्ही चालू होता. हवामान बघायला सकाळी लावलेला. दिवसभर त्याचा उजेड दारातून फरशीवर येत होता, निळा, पिवळा, पुन्हा निळा. त्या बघत होत्या. मध्येच डोळा लागायचा आणि मग आई टेबलाशी बसून रंग भरताना दिसायची, ब्रश ओठात धरून. ‘निळा संपत आला गं,’ आई म्हणायची. ‘काटकसरीने बघ.’ मग त्या काटकसरीने बघायच्या. एक डोळा मिटून.

फोन वाजला. त्यांनी मोजलं, नऊ. ‘उचल ना कुणीतरी,’ त्यांना वाटलं, ‘तो माझा फोन आहे.’ मग वाटलं, नाही, मीच करायचा होता. कुणीतरी लहान मूल स्टुलावर बसलंय. त्याला सांगायला हवं की स्टुलावर बसू नये.

अंधार झाला. थंडी पाठीखालून वर आली आणि मग गंमत म्हणजे वाटेनाशी झाली. झोपावं असं फार गोड वाटत होतं. तेवढ्यात पुढच्या खोलीत ते ओळखीचं संगीत सुरू झालं, पियानोच्या चार पट्ट्या, आणि एक सहा वर्षांची मुलगी बोलायला लागली.

लोरेन आत्यांना वाटलं, या पोरीचं नाक चोंदलंय. कुणीतरी तिला रुमाल द्या. बिचारी एवढ्या धुक्यात एकटीच जागीय. ती जागी आहे तोवर आपण झोपणं बरं दिसणार नाही.

म्हणून त्या जाग्या राहिल्या. तिची वाक्यं तिच्या मागोमाग पुटपुटत, एकेक करून.

*

अर्ध्या तासाच्या वाटेला पाऊण तास लागला. मी वाटेतूनच पोलिसांना कळवलं, रुग्णवाहिकेलाही; बर्फामुळे वेळ लागेल, पण येतो म्हणाले. बर्फ काचेवर सरळ चालून येत होता आणि त्याच्याकडे बघत राहिलं की आपणच वर वर चाललोय असं वाटायचं. मिलवॉकीत शिरलो तेव्हा सात वाजून गेले होते. दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्या एकदम निळ्या होत होत्या, एकदम जांभळ्या होत होत्या. एकामागून एक, अख्खी गल्ली.

“लिओनाचं आभाळ,” सासरे म्हणाले.

आत्यांच्या घराचीही खिडकी तशीच जांभळी होती. कर्टने घंटा वाजवली. मग ठोकलं. मग पायरीवर चढून पडद्याच्या फटीतून बघितलं. “टीव्ही चालू आहे, खुर्ची रिकामी आहे. बाथरूममध्ये असेल का? की मुद्दाम...”

“मागे चल,” सासरे म्हणाले. त्यांच्याकडची किल्ली फिरली होती, पण आतली कडी घातलेली होती.

मागच्या दाराशेजारी भिंतीत एक छोटं लाकडी झाकण होतं, गुडघ्याच्या उंचीला. पूर्वी दूधवाला बाहेरून ते उघडून आत बाटल्या ठेवायचा आणि घरचे आतल्या झाकणातून काढून घ्यायचे. “नऊ वर्षांचा होतो तेव्हा मी अख्खा जायचो यातून,” सासरे म्हणाले. “आता माझं मनगटही जाणार नाही. कडी उजवीकडे आहे, केल्सी. हात घाल, वर घे.”

मी बर्फात गुडघे टेकले. बाहेरचं झाकण गोठलं होतं. कर्टने बुटाने मारून उघडलं. मी हात घालून आतलं झाकण ढकललं. आतून उबदार हवा आली, आणि आवाज.

“कुणी आहे का... आक्‌छीं!... तिकडे?” टीव्हीतली पोर म्हणाली.

आणि अर्ध्या श्वासाने, फरशीजवळून, एक फाटका, जुना आवाज तिला म्हणाला, “देव भलं करो, बाळ.”

माझा हात जागच्या जागी थांबला. सासरे माझ्या शेजारी बर्फात कधी बसले मला कळलं नाही. त्यांनी तोंड त्या भोकाशी नेलं.

“लोरेन,” ते म्हणाले. “मी आहे इकडे.”

आतलं पुटपुटणं थांबलं.

“युजीन?”

“हो.”

“मी घर विकणार नाही.”

“नको विकूस. कडी कुठेय सांग.”

“साठ वर्षांत हलली नाहीये,” आत्या म्हणाल्या. “उजवीकडे, गाढवा.”

*

मी कडी वर घेतली, दार उघडलं, आणि रुग्णवाहिका आमच्या मागोमाग आली. ती माणसं आत्यांचा पाय फळीला बांधत होती, मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, आणि आत्यांची बोटं माझ्या बाहीत अडकली होती. “आलीस,” त्या म्हणाल्या. मला म्हणायचं होतं, उशिरा आले. खूप उशिरा. मी म्हटलं, “आले.”

“पोरीला फोन लाव.”

“आत्या, आधी दवाखाना...”

“आधी फोन.”

कर्टने भिंतीवरचा फोन लावून वायर ताणून खाली दिला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. पलीकडे क्रिस्टा कुजबुजताना ऐकू आली, “बोल, बोल, तेच आहे.” आत्यांनी श्वास घेतला आणि चेहरा आवळला. त्यांच्या बरगडीलाही मार लागला होता. शिंक सोडाच, खोकताही येत नव्हतं. त्यांनी रिसीव्हर भावाकडे सरकवला.

“तू शिंक.”

“मी?”

“तीन आठवडे पाठ केलं होतंस ना? शिंक.”

सासऱ्यांनी रिसीव्हर धरला. कोट बर्फाने भिजलेला, टोपी वाकडी. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, साठ वर्षं ज्या जागेसाठी थांबला ती त्याला फरशीवर बसून मिळाली होती. त्यांनी घसा खाकरला. मग ते शिंकले; मोठ्याने, खोटं खोटं, अगदी वाईट. रुग्णवाहिकेतला एक जण दचकला.

“देव भलं करो,” विलाचा आवाज आला, संशयाने भरलेला. “पण हे बटन नाहीये. हे कुणाला सर्दी झालीय?”

“मला,” सासरे म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “पहिल्यापासून माझीच होती.”

आत्या हसल्या. हसल्याने दुखलं, म्हणून त्यांनी एक सणसणीत शिवी दिली, आणि मग कर्टने त्यांच्या कानाशी धरलेल्या रिसीव्हरमध्ये, जेमतेम ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, विचारलं, “कुणी आहे का तिकडे?”

पलीकडे चार वर्षांची मुलगी स्टुलावरून उतरून ताठ उभी राहिली होती, असं क्रिस्टा सांगते.

आत्यांच्या खुब्यात आता लोखंड आहे. घर विकलं नाही. फोन मात्र आम्ही भिंतीवर फरशीपासून हातभर उंचीला आणला, आणि बिस्किटांचा डबा खालच्या फळीवर. क्रिस्टा दर बुधवारी त्यांना फोन करते आणि दोघी अर्धा तास एकमेकींना टोमणे मारतात. मला घरात अजून हवामान खातंच म्हणतात, फक्त आता मी बोलायला लागले की पत्ते वाटायचे थांबतात. त्याने मला बरं वाटत नाही. जुलै ते डिसेंबर पाच महिने होतात, आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सात दहा तास. हे हिशेब मी आंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवून रोज करते.

तुमच्याही घरी कुणाचा तरी एक ठरलेला फोन असेल. सणाचा, रविवारचा, नाहीतर नुसताच सकाळचा. एखाद्या दिवशी तो येणार नाही, आणि घरातलं कुणीतरी अगदी शहाणपणाने म्हणेल, रुसली असेल, विसरली असेल, साडेसातपर्यंत थांबू. म्हणू द्या त्यांना. आत्ता हे वाचताना ज्यांचं नाव तुमच्या मनात आलं, त्यांना फोन लावा. नऊ घंट्या मोजा. नाही उचलला तर हे पुस्तक इथेच पालथं ठेवा, अंगात काहीतरी गरम चढवा आणि जाऊन या. पुढचं दार उघडलं नाही तर मागच्या बाजूला जा, खाली बसा, आणि ऐका.